कमी धारेचं ब्लेड मिळणार नाही

‘जरा कमी धारेचं द्या.’

दौंडच्या बाजारपेठेत माझं सलूनच्या मालाचं आणि दाढीच्या सामानाचं दुकान आहे. तिथं उभं राहून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता माणूस पायरी चढतानाच मला ते ऐकू येतं. मागणारा बहुधा पन्नाशीच्या पुढचा असतो. गालावर एक-दोन ओरखडे, हनुवटीखाली वर्तमानपत्राचा कपटा चिकटवलेला. तो मला समजावून सांगतो, की तुमचं मागचं ब्लेड फार धारदार होतं, कापतं, तेव्हा आता जरा मऊ, बोथट असं काहीतरी काढा.

बोथट ब्लेड कुठलाही कारखाना बनवत नाही. ते गिऱ्हाईक स्वतःच्या घरी बनवतं, एकच पातं महिनाभर चालवून. हे मी सांगतो. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि म्हणतं, ‘ते खरं, पण त्यातल्या त्यात बोथट कुठलं?’

सत्तावीस वर्षं मी हाच धंदा करतोय. दिवाळी अंकासाठी धंद्याबद्दल लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. ब्लेडबद्दल लिहिण्यासारखं काय आहे? मग लक्षात आलं, की जे रोज दहा जणांना तोंडी सांगून घसा बसतो, ते एकदा छापून आलं तर निदान अंक पुढं करता येईल.

तर बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात. दाढीचं जुनं मशीन, म्हणजे ज्यात दोन्ही बाजूंनी धार असलेलं सुटं पातं बसतं ते, तीन तुकड्यांचं असतं. खाली दांडी, मध्ये दातेरी पट्टी, वर टोपी. पातं पट्टी आणि टोपीच्या मध्ये ठेवायचं आणि दांडीचा आटा फिरवून आवळायचं. पात्याची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. सगळ्या कंपन्यांची पाती त्याच मापाची, म्हणून ती कुठल्याही मशीनमध्ये बसतात, आणि म्हणून लोकांना वाटतं की सगळी सारखीच. ती सारखी नसतात. पोलाद वेगळं, धार काढण्याची रीत वेगळी, धारेवरचा लेप वेगळा. कुणाचे केस तारेसारखे, कुणाचे लव असल्यासारखे. कुणाकडे बोरचं जड पाणी, ज्यात साबणाला फेस येत नाही. एकाला चाललेलं ब्लेड दुसऱ्याला चालेलच असं नाही, हे मला मान्य आहे. पण ‘धार कमी म्हणजे धोका कमी’ हे मला अजिबात मान्य नाही.

धारदार पातं मशीनच्या वजनानं केस कापतं. बोथट पातं कापत नाही, म्हणून हात दाबतो. दाबला की कातडी फुगून वर येते, आणि मग केसाऐवजी ती कापली जाते. ज्यांना हे पटत नाही त्यांना मी घरी जाऊन विचारायला सांगतो. माझी बायको विळीची धार उतरली की लगेच लावून घेते. तिचं बोट कापलं असेल तर ते धार गेलेल्या विळीवर, टोमॅटो चिरताना. धारेच्या विळीवर कधी नाही.

दर नव्या लॉटमधलं एक ब्लेड मी स्वतःच्या गालावर चालवून बघतो. उजव्या गालावर नवं, डाव्यावर जुनं. सकाळी अर्धं तोंड एका कंपनीचं आणि अर्धं दुसऱ्या कंपनीचं घेऊन मी आरशासमोर उभा असतो तेव्हा आमच्या घरातले लोक न्हाणीघराच्या दारावर थापा मारत असतात. पण न तपासलेला माल मला विकता येत नाही. हा स्वभावाचा दोष म्हणा.

एवढं करून गिऱ्हाइकं भेटतात ती अशी. वरवंडचे एक गृहस्थ रोज दाढी झाली की पातं खोबरेल तेलाच्या वाटीत बुडवून ठेवायचे. पाच महिन्यांनी वाटी घेऊनच दुकानात आले. ‘बघा, अजून गंज न्हाई, पर कापत का न्हाई?’ रांजणगावच्या कंपनीतला एक तरुण इंजिनियर व्हिडिओ बघून यायचा. त्यानं पितळेचं जड मशीन मागवलं होतं. प्रत्येक ब्लेडचा ‘शार्पनेस स्कोअर’ किती, हे तो मला विचारायचा, आणि मी सांगू शकत नाही म्हणून माझ्याकडे दयेनं बघायचा. त्याच्या गालावर मात्र तशीच लाल रेघ. दाबत होता, आणखी काय?

पण मला खरा वैताग दिला तो इनामगावच्या आप्पांनी.

आप्पा म्हणजे जुने बागायतदार. ऊस, कांदा, घोड नदीच्या काठाला जमीन, एकेकाळी गावचे सरपंच. वय पंचाहत्तरच्या पुढं. दौंडला कामानं आले की माझ्याकडून ब्लेडची पाकिटं न्यायचे. रोज सकाळी स्वतःच्या हातानं दाढी करायची, पांढरा सदरा घालायचा आणि डेअरीवर जाऊन बसायचं, हा त्यांचा नेम. दूध घालायला आलेला प्रत्येक माणूस त्यांच्याशी दोन शब्द बोलून जाणार. गावात कुणाचं काय चाललंय ते तिथं कळतं, आणि आप्पांना गावाला जे सांगायचं असतं ते आप्पाही तिथंच सांगतात.

तक्रारही नेमानं असायची. ‘रफीकभाई, ह्येबी ओरबाडतं.’ मी हिरव्या पुडीतलं दिलं. ओरबाडतं. पिवळ्या पुडीतलं दिलं. कापतं. लाल दिलं. ‘ह्येच्यापरीस हिरवं बरं हुतं.’ तीन कंपन्या झाल्या, तिन्ही मी माझ्या गालावर तपासलेल्या. शेवटी मी चिडून म्हणालो, ‘आप्पा, तुम्ही दाबताय.’ ते म्हणाले, ‘साठ वर्सं दाढी करतोय मी. तुमचा जल्म तरी झाला हुता का तवा?’

मग त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली. त्यानंतर एका सकाळी दाढी करताना जबड्याखाली कापलं. नेहमी व्हायचं तेवढंच कापलं, पण रक्त थांबेना. आप्पा तसेच डेअरीवर गेले. सदऱ्याची कॉलर लाल झालेली लोकांनी पाहिली आणि मुलाला फोन केला. मुलगा विलास, रांजणगावच्या एका कंपनीत सुपरवायझर. तो धावत आला, आप्पांना दवाखान्यात घेऊन गेला, आणि घरी आल्यावर त्यानं दाढीचं मशीन कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. त्याच संध्याकाळी मला फोन.

‘रफीकभाई, आजपासून आमच्या आप्पांना ब्लेड द्यायचं नाही. मी त्यांना ट्रिमर आणलाय. सेफ आहे.’

मी बरं म्हणालो. मुलगा चुकीचं काही बोलत नव्हता.

पुढच्या महिन्यात आप्पा तपासणीसाठी दौंडला आले. विलास औषधाच्या दुकानात रांगेत उभा होता, तेवढ्यात हे हळूच माझ्या पायऱ्या चढले. गालावर पांढरी खुंटं. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी तसं पाहिलं नव्हतं.

‘ब्लेडं द्या. आन् ह्या टायमाला अगदी बोथटातलं बोथट बघा.’

‘आप्पा, विलासचा फोन आला होता मला.’

‘येनारच. सुपरवायझर झाल्यापून समद्यास्नी सूचना देत असतोय.’

‘ट्रिमर आणलाय ना त्यानं?’

आप्पांनी गालावरून उलटा हात फिरवला. खरखर असा आवाज मला काउंटरच्या अलीकडे ऐकू आला. ‘ही दाढी हाय व्हय? नुसता खोडवा राखलाय.’

ऊस तोडल्यावर जमिनीलगत खुंटं राहतात, त्यातून पुन्हा पीक येतं, तो खोडवा. दुकानात थांबलेली दोन गिऱ्हाइकं हसली. आप्पा हसले नाहीत.

‘मग गावातल्या सलूनमध्ये जा.’

‘दुसऱ्याच्या हातात गळा द्यायची सवय न्हाई मला.’

एवढ्यात विलास औषधांची पिशवी घेऊन दारात आला. ‘आप्पा! मी तिकडं शोधतोय तुम्हाला.’

‘हरवलो न्हाई. ब्लेडं घ्यायला आलोय.’

‘रफीकभाई, मी सांगितलं होतं ना तुम्हाला? ब्लड थिनर चालू आहे. एवढी रिस्क कशाला?’

‘दिलेलं नाही,’ मी म्हणालो, ‘आणि तुमच्या मागं देणारही नाही. पण मला एक सांगा, यांचा हात थरथरतो का?’

‘न्हाई थरथरत,’ आप्पाच म्हणाले, आणि माझ्या काउंटरवर पडलेला सुतळीचा गुंता उचलून गाठ सोडवून दाखवली. बारीक गाठ होती. मला नखानं सुटली नसती.

मला हिशेब लागेना. हात स्थिर, ब्लेड आठवड्याला बदलतात, तिन्ही जातींची ब्लेडं माझ्या गालावर नीट चाललेली. मग कापतंय काय? उरलं ते मशीन, आणि ते विलासच्या कपाटात. मी विलासला म्हणालो, मी सलूनना माल द्यायला शिरूरच्या फेरीला निघतो तेव्हा वाट वाकडी करून इनामगावला येतो. तुम्ही घरी असाल त्या दिवशी. आप्पा माझ्यासमोर दाढी करतील. पण आधी डॉक्टरांना विचारा. ते नाही म्हणाले तर मी येणार नाही.

विलासनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, ट्रिमरच बरा. अगदीच ऐकत नसतील तर करू द्या एकदा, कुणीतरी जवळ उभं राहा. पण कापलं, तर ती शेवटची दाढी.

‘ऐकलं का?’ विलास म्हणाला. ‘एकदा जरी कापलं तर मशीन कायमचं बंद.’

‘ऐकलं,’ आप्पा म्हणाले, ‘तू स्पीकरवर टाकलाय. समद्या बाजारानं ऐकलं.’

चार दिवसांनी विलासच्या बायकोचा, सुनीताचा, मला फोन आला. ‘भाऊ, कवा येताय? आप्पा घराबाहेर पडंनात. डेअरीवर जात न्हाईत. कुणी आलं तर झोपलोय म्हनून सांगा म्हंत्यात. जेवाय बसलं तरी टॉवेल तोंडावर.’ मी म्हणालो, विलासरावांच्या सुट्टीच्या दिवशी येतो.

गेलो. ओट्यावर पाट, बादली, भिंतीला खिळ्यावर आरसा. सुनीतानं पाणी तापवून ठेवलेलं. विलास हातात कापूस घेऊन असा उभा, जणू आत्ताच ऑपरेशन आहे. त्यानं खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि मशीन आणून आप्पांच्या हातात दिलं. जुनं पितळी मशीन, वरचा मुलामा उडालेला, पण आटे चांगले, पट्टी सरळ. मी उलटंसुलटं करून पाहिलं. दोष काही दिसेना.

मी त्यांना निळ्या पुडीतलं ब्लेड दिलं. माझ्याकडे येतं त्यातलं सगळ्यात धारदार. तसं मी सांगितलंही, कारण माल देताना तो काय आहे ते सांगायचं ही माझी पद्धत.

विलासचा चेहरा उतरला. ‘सगळ्यात धारदार? रफीकभाई, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?’

‘मी कुणाच्याच बाजूनं नाही. ब्लेडच्या बाजूनं आहे.’

आप्पांनी गरम पाण्यानं तोंड भिजवलं, ब्रशानं फेस केला. सगळं व्यवस्थित, घाई नाही. मग पातं पट्टीवर ठेवलं, टोपी बसवली, दांडी फिरवून आवळली. आणि आवळल्यावर अर्धा आटा उलटा फिरवून ढिली सोडली.

‘थांबा!’ मी जवळजवळ ओरडलोच. ‘हे काय केलंत?’

‘काय केलं?’

‘आत्ता आटा उलटा फिरवलात.’

‘व्हय मग. नवं बिलेड हाय न्हवं? नव्याला जरा मोकळं ठेवावं लागतं. चार-पाच दाढ्या झाल्या, जरा नरम आलं, की आवळायचं.’

‘कुणी सांगितलं तुम्हाला?’

‘सांगाय कशाला पायजे? नवा बैल पैल्या दिशी कुनी आवळून जुपतं का? बिचकंल न्हाई का त्यो?’

मी ओट्याच्या कडेला बसलो. किती वर्षं मी या माणसाला ब्लेडं बदलून देत होतो! हिरवं, पिवळं, लाल. आणि हे प्रत्येक नवं ब्लेड ढिलं करून, बैलाला चुचकारावं तसं वापरत होते. ते नरम यायचं, म्हणजे धार जायची, तेव्हा आवळत होते. म्हणजे धार असताना पातं मोकळं, आणि पातं घट्ट तेव्हा धार नाही. दोन्हीकडून कापायची सोय.

मी समजावायला लागलो. आटा आवळला की पातं पट्टीवर जरा वाकतं, वाकलं की ताठ होतं. ढिलं सोडलं तर ते सपाट राहतं आणि केसाला लागलं की फडफडतं. मी खिशातून बिलाचा कोरा कागद काढला. ‘हा बघा, असा सरळ धरला तर लोंबतो. मधोमध वाकवला की ताठ उभा राहतो.’

‘कागूद हाय त्यो. बिलेड लोखंडाचं असतं.’

‘आप्पा, क्लॅम्पिंगच नाही तुमच्या त्या ब्लेडला,’ विलास म्हणाला. ‘आमच्या कंपनीत टूल असं लूज राहिलं ना, तर अख्खा जॉब रिजेक्ट होतो.’

‘तुझ्या कंपनीत तू सांग. हितं माजं तोंड हाय.’

‘तुमचं तोंडच म्हणतोय मी!’

‘फेस वाळाय लागला,’ सुनीता म्हणाली.

माझा पारा चढला होता. वयाचा मान, जुनी ओळख, सगळं बाजूला राहिलं. ‘बरं आप्पा,’ मी म्हणालो, ‘तुमच्याच बैलाचं सांगा. जू ढिलं ठेवून त्याला दिवसभर नांगराला चालवला तर काय होतं?’

‘कोन मूर्ख ठेवील ढिलं?’

‘समजा ठेवलं.’

‘समजा काय? खांदा सोलून निघंल. ढिलं जू जागंवर ऱ्हात न्हाई, हिकडं तिकडं सरकतं, आन्...’

आप्पा थांबले. हातातल्या मशीनकडे बघितलं. मग कानाजवळ नेऊन हलवलं. नखानं पात्याच्या कडेला टिचकी मारली. बारीक टकटक आवाज आला. ढिलं पातं टोपीला आतून लागत होतं.

‘वाजतंय,’ ते म्हणाले.

त्यांनी दांडी आवळली, पूर्ण. पुन्हा टिचकी मारली. आवाज नाही.

‘मंग हे आदी का न्हाई सांगितलं?’ ते माझ्यावरच उखडले. मी उत्तर दिलं नाही. काही उत्तरं दिली की चहा मिळत नाही.

मग दाढी सुरू झाली. मी एवढंच सांगितलं, की जोर लावू नका, मशीनचं वजन पुरे. पहिला हात कानाजवळून खाली. धारदार पातं नीट बसलेलं असलं की त्याचा आवाज कोरड्या वाळूवरून पाऊल ओढल्यासारखा येतो, एकसारखा, कुठं तुटत नाही. तो आवाज आला. उजवा गाल झाला, डावा झाला. आप्पांनी मान वर केली आणि जबड्याखाली मशीन नेलं. नेहमी कापायचं ती जागा तीच. विलास कापूस घेऊन इतका पुढं वाकला, की आप्पांनी आरशातूनच त्याला दटावलं, ‘उजेडातनं सर. की तुलाच करायचीया?’ सुनीता दारात पदर तोंडाशी धरून उभी. मला माझ्या सगळ्या गणितावर विश्वास होता, तरी मी ओट्याची कड धरून ठेवली होती. नवीन लॉटमध्ये एखादं पातं खराब निघतं. हजारात एक, पण निघतं.

मशीन खाली आलं. पाण्यात खळबळलं. पुन्हा एकदा, तिरकं. मग तोंड धुतलं.

रक्त दिसत नव्हतं. पण नुसतं दिसण्यावर मी जात नाही. मी तुरटीचा खडा पुढं केला. डोळ्यांना न दिसणारी चीरही तुरटीला सापडते, लगेच झोंबते. आप्पांनी ती गालांवरून, हनुवटीवरून, जबड्याखालून सावकाश फिरवली. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

‘झोंबतंय का?’ विलासनं विचारलं.

‘न्हाई.’

‘कुठंच नाही?’

‘न्हाई म्हनलं ना. आता झोंबाय पायजे म्हनतोस का?’

ते उठले. आत जाऊन पांढरा सदरा घातला, टोपी ठेवली आणि जाता जाता मला म्हणाले, ‘चा पिऊन जावा.’ आभारबिभार नाहीत. फाटकातून बाहेर पडले आणि डेअरीच्या वाटेला लागले.

विलास मला गाडीपर्यंत सोडायला आला. कापूस अजून हातातच. ‘आज झालं,’ तो म्हणाला. ‘पण आता रोज करणार ते. आणि पुढं हात थरथरायला लागला की?’

‘त्याला माझ्याकडे ब्लेड नाही.’

‘मग काय करायचं?’

‘मग तुम्ही करायची त्यांची.’

‘मला कुठं येतंय हे? मी कॉलेजपासून ट्रिमरवाला आहे.’

‘मग आत्ताच शिका. आधी स्वतःच्या गालावर. त्यांचा हात चांगला आहे तोवर ते शिकवतील तरी.’

त्यानं कापूस खिशात कोंबला आणि गाडीतल्या मालाकडे बघितलं. मग म्हणाला, ‘द्या एक मशीन.’ मी दिलं, आणि सोबत निळ्या पुडीचं पाकीट. सगळ्यात धारदार आहे, हे सांगितलंच.

त्या दिवसापासून मी दुकानात ब्लेडबद्दल तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारतो, आटा पूर्ण आवळता का? आणि तुम्हाला सांगतो, घोड नदीच्या पट्ट्यातली निम्मी म्हातारी माणसं तो अर्धा ढिला सोडतात. कुणी म्हणतं, ब्लेड दमू नये म्हणून. कुणी म्हणतं, मशीनचे आटे झिजू नयेत म्हणून. एकानं तर सांगितलं, ब्लेडला जरा वारा लागला पाहिजे. मी सत्तावीस वर्षं लोकांना दाबू नका, दाबू नका म्हणून ओरडत होतो. त्यातले किती जण दाबत नसतीलच. विचारायचं सुचलं नाही, याचं वाईट वाटतं. पण माणूस विचारणार तरी काय काय?

पुढच्या महिन्यात शिरूरची फेरी होती तेव्हा पुन्हा इनामगावला वळलो. विलासची सुट्टी होती. ओट्यावर पाटावर या वेळी विलास बसलेला, तोंडाला फेस, गालावर तीन ठिकाणी कागदाचे कपटे. आप्पा शेजारी खुर्चीवर, गुळगुळीत दाढी, पांढरा सदरा, आणि तोंडाचा पट्टा चालू.

‘अरं दाबतूस कशाला? भाकरी थापतूस काय? सोड, सोड हात. वजन हाय की त्याला सोताचं.’

‘सोडलाय मी.’

‘ह्येला सोडला म्हंत्यात? नांगर धरल्यावानी धरलाय.’

‘आप्पा, मला जरा शांतपणे करू द्या.’

‘शांतपने मानूस मरतो पन. या रफीकभाई, बसा. बघा आमचा सुपरवायझर.’

मी बसलो. सुनीतानं चहा आणला आणि हसू दाबत आत गेली. विलासचा एक गाल कसाबसा झाला. गळ्यावर एक पट्टा तसाच राहिला होता, केस उलटे फिरतात ती जागा. तिथं त्याला धीर होईना.

आप्पा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, ‘रफीकभाई, ह्याला जरा कमी धारेचं ब्लेड बघा. हात नवा हाय.’

मी कप खाली ठेवला. या ओट्यावर, याच माणसासमोर, कागद वाकवून, बैल जुंपून, तुरटी लावून... मी कप पुन्हा उचलला.

‘आन हिकडं,’ आप्पा विलासला म्हणाले. त्याच्या हातातून त्याचंच मशीन घेतलं, आटा चाचपून बघितला, दोन बोटांनी त्याची हनुवटी वर उचलली. ‘हालू नगंस. गिळू नगंस.’

विलासनं डोळे मिटले. चाळिशीचा माणूस गळा वर करून बसला. आप्पांनी गळ्यावरून मशीन एकदा सरळ आणलं, मग थोडं तिरकं. तो एकसारखा आवाज आला, कुठं न तुटणारा. त्यांनी अंगठ्यानं कातडी जरा ताणली, उरलेलं काढलं आणि ओल्या टॉवेलनं पुसलं. जागा साफ.

आप्पांनी मशीन उजेडात धरून पात्याकडे कौतुकानं बघितलं.

‘हे मातुर झ्याक चालतंय. ह्येच ठेव तू, दुसरं नगं,’ त्यांनी विलासला बजावलं, आणि मला विचारलं, ‘कुठलं हाय हो हे?’

‘तुमचंच आहे, आप्पा, निळ्या पुडीतलं,’ मी म्हणालो.